जुनी टर्बो हॅचबॅक कोकणात: पावसाळ्यातला मिसफायर आणि बाकीची किरकिर

तक्रार साधारण अशी असते. गाडी एप्रिल-मेमध्ये घेतली, महिनाभर झकास पळाली. मिरगाचा पाऊस लागला आणि एका सकाळी चढावर पिकअप देताच गाडीने हिसके दिले (एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नाही, हाच मिसफायर), इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड पुसला, दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कोणी कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारा पार्ट) बदलायला सांगतं, कोणी पेट्रोल पंप, कोणी थेट हेड उतरवायला. तीन-चार पार्ट बदलून होतात आणि गाडी हिसके देतच राहते.

पोलो जीटी टीएसआय (टीएसआय म्हणजे फोक्सवॅगनचं टर्बो पेट्रोल इंजिन), नंतरची पोलो १.० टीएसआय, बलेनो आरएस, आय२० एन लाइन, पुंटो अबार्थ. सेकंडहँड बाजारात ज्या चपळ हॅचबॅक मिळतात त्या बहुतेक याच. इंजिनं वेगळी असली तरी एक गोष्ट सारखी: छोटं इंजिन, टर्बोचा दाब, आणि त्यामुळे ठिणगीवर पडणारा जास्तीचा भार. त्यात कोकणातला दमट खारा वारा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त पाऊस पडतो. पुण्यात जी कॉइल अजून दोन वर्षं चालली असती ती इथे पहिल्या आषाढात दगा देते.

पाना हातात घेण्याआधी एक वही गाडीत ठेवा आणि बिघाड कधी होतो ते लिहा. इंजिन थंड होतं की गरम, पाऊस होता की ऊन, गाडी जागेवर उभी होती की चढावर, आदल्या दिवशी धुतली होती का. आठ दिवसांच्या या नोंदी स्कॅनरच्या कोडपेक्षा जास्त बोलतात. सकाळी स्टार्ट केल्यावर एखाद मिनिट थरथरते आणि नंतर शांत होते, तर तो प्रकार वेगळा. थंड-गरम दोन्ही वेळा, पण फक्त जोर दिल्यावर हिसका, तर तो वेगळा.

दिवा लुकलुकत असेल तर पाय लगेच हलका करा आणि जवळच्या सुरक्षित जागी थांबा. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तो आतून तापून वितळू शकतो. तो पार्ट कॉइलच्या कितीतरी पट महाग असतो. दिवा नुसता पेटून राहिला असेल तर सावकाश घरी नेता येते.

मिसफायर: क्रमाने जा

पहिलं काम कोड वाचणं, पुसणं नव्हे. साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं अॅप एवढ्यावर भागतं. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे ठरावीक सिलिंडर, शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी ०३०० म्हणजे कुठलाही, कधीही. कोडसोबत फ्रीझ फ्रेम नावाची नोंद असते: त्या क्षणी इंजिनाचे फेरे, भार, कूलंटचं तापमान. तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. कोड पुसला की ती नोंदही जाते, आणि गॅरेजमध्ये नेमकं हेच होतं.

एकाच सिलिंडरचा कोड परत परत येत असेल तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना कॉइल ओढली की तिचं रबर फाटतं आणि कनेक्टरची प्लास्टिकची खिट्टी तुटते. कॉइल थोडी फिरवून सरळ वर ओढा. आता टॉर्च घेऊन प्लगच्या विहिरीत बघा. तळाशी पाणी दिसलं तर ते एकतर वॉशिंग सेंटरमध्ये इंजिनावर मारलेल्या प्रेशरचं असतं, नाहीतर काचेखालच्या जाळीतून झिरपलेलं. तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गेलंय. ते बदलल्याशिवाय नवी कॉइल घालून उपयोग नाही, तेल तिचं रबर फुगवून टाकतं. प्लग सोडण्याआधी विहिरीत हवा मारून ती कोरडी करा. लाल मातीचा एक कण सिलिंडरमध्ये पडला तरी तो तिथे पॉलिश पेपरसारखं काम करतो.

प्लग बाहेर काढल्यावर त्याच्या चिनी मातीच्या पांढऱ्या भागाकडे नीट बघा. वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर चोर सापडला. ठिणगी प्लगच्या टोकाशी न पडता त्या रेघेवरून खाली उतरून बॉडीला जाते. असंच का होतं? टर्बोमुळे सिलिंडरमध्ये दाब जास्त असतो, दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं. त्यात प्लग झिजून गॅप, म्हणजे टोकाशी ठिणगी पडायची फट, वाढली की आणखी जास्त. मग ठिणगी सोपी वाट शोधते, आणि दमट हवेत ओलसर रबराच्या कडेने ती वाट तयारच असते. म्हणून हा बिघाड पावसात दिसतो, आणि जागेवर उभी असताना न दिसता चढावर दिसतो. रेघ पडलेला प्लग पुसून परत लावू नका. समोरच्या कॉइलच्या रबरातही तशीच रेघ जळलेली असते आणि ती नव्या प्लगला आठवड्यात खराब करते. दोन्ही एकदम बदला.

रेघ नसेल तर अदलाबदल. समजा कोड पी ०३०२ आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. सिलिंडर मोजायला सहसा टायमिंगच्या बाजूने सुरुवात करतात. कोड पुसा आणि जिथे हिसका येतो त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये गाडी घ्या. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल गेली. जागेवरच राहिला तर आता प्लगची अदलाबदल. तरीही दुसऱ्याच सिलिंडरवर अडून बसला तर इंजेक्टर, त्याची वायर किंवा कॉम्प्रेशन. या तासाभराच्या कामाला नवा पार्ट लागत नाही, म्हणून ते आधी.

काही इंजिनांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल नसून एक कॉइल पॅक आणि त्यातून प्लगकडे निघालेल्या जास्त व्होल्टेजच्या एचटी केबल असतात. त्यांची परीक्षा रात्री होते. अंधारात इंजिन चालू ठेवून स्प्रेच्या बाटलीने केबलवर लांबून हलका फवारा मारा. निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या किंवा टिकटिक ऐकू आली तर केबलचा सेट बदला, एकच केबल नको. हात लांब ठेवा. हे व्होल्टेज हजारोंत असतं. पेसमेकर असलेल्या माणसाने हे काम करू नये.

नवे प्लग कंपनीने सांगितलेल्या नंबरचेच हवेत. गॅप बहुतेक टर्बो पेट्रोलमध्ये ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या घरात असते, तरी आकडा त्या इंजिनाचाच बघा. धागा हाताने चढवा, शेवटचा पीळ टॉर्क रेंचने. कॉइलच्या रबराच्या आतल्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढं डायलेक्ट्रिक ग्रीस फिरवा. हे कोकणात खरोखर उपयोगी पडतं. धातूच्या टोकाला मात्र लावायचं नाही. पुस्तकात प्लगचा मुक्काम कितीही लिहिलेला असो, इथे ३०,००० किलोमीटरला काढून बघावेत आणि रीमॅप केलेल्या (पॉवर वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेल्या) गाडीत बदलूनच टाकावेत. जुन्या मालकाने रीमॅप केला असेल तर तो सांगेलच असं नाही. बाजारचा इंटेक पाइप, मोठा इंटरकूलर, सायलेन्सर बदलल्याच्या खुणा दिसल्या की संशय घ्या.

कोड पी ०३०० असेल आणि सिलिंडर रोज बदलत असेल तर कॉइलच्या मागे लागू नका. सगळ्यांना सामाईक काय आहे ते बघा. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे अर्थिंग. गिअरबॉक्स किंवा इंजिनापासून बॉडीला येणारी जाड पट्टी खाऱ्या हवेत आतून हिरवी-पांढरी होते, वरून मात्र ठीक दिसते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला. इंजिन चालू, हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा डीफॉगर सगळं सुरू. वाचन ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी हवं. ०.३ च्या वर गेलं तर पट्टी सोडून दोन्ही टोकं चकचकीत घासा, परत आवळा, वरून व्हॅसलिन लावा. पट्टीच सडली असेल तर नवी घाला.

सामाईक दुसरी गोष्ट पेट्रोल. २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी धरतं. मुंबईकराची गाडी गावच्या पडवीत पाव टाकीवर दोन महिने उभी राहिली तर टाकीतल्या मोकळ्या जागेतली दमट हवा पेट्रोलमध्ये उतरते. अशी गाडी हिसके देत असेल तर आधी टाकी चालत्या पंपावरच्या ताज्या पेट्रोलने भरा आणि शंभर-दीडशे किलोमीटर चालवून मग निदान करा.

आता तो दुसरा प्रकार: थंड असताना थरथर, गरम झाल्यावर शांत. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत, म्हणजे टीएसआय, बलेनो आरएस आणि एन लाइनमध्ये, इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही. त्यामुळे त्यांच्या पाठीवर तेलाच्या वाफेचा काळा थर साचतो. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्यांनी हा थर निघत नाही, कारण ते पेट्रोल तिथे पोचतच नाही. लाखाच्या आसपास किलोमीटर झाले असतील तर मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) उतरवून साफसफाई हाच उपाय. पुंटो अबार्थच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, तिला हा त्रास नाही.

या सगळ्यातून गेल्यावरही विजेचे बिघाड जागा बदलून येत राहिले, आज पॉवर विंडो, उद्या एबीएसचा दिवा, तर गाडी पुरात बुडालेली असण्याची शक्यता धरा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रिळाजवळच्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. पुढच्या सीटखालचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, फ्यूज बॉक्सचा तळ बघा. बारीक सुकलेला गाळ तिथून कोणी साफ करत नाही. एमएच-०८ ची (रत्नागिरीची) गाडी म्हणून लगेच नाकारू नका आणि एमएच-१२ ची (पुण्याची) म्हणून निर्धास्तही राहू नका.

हिसका नाही, पण गाडी मेल्यासारखी

ईपीसीचा (इंजिनाच्या पॉवर कंट्रोलचा) दिवा, पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी असल्याचा कोड, आणि टर्बो जणू बंद. पहिल्यांदा टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारे पाइप आणि क्लिपा बघा. फाटलेल्या जागी तेलकट धूळ चिकटलेली असते. पाइप धड असतील तर वेस्टगेटचा (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा) दांडा बघा. रोज दोन-तीन किलोमीटर बाजारापर्यंत आणि परत एवढंच चालणाऱ्या गाडीत त्याची कडी गंजून घट्ट होते. इंजिन थंड असताना दांडा हाताने हलवून बघा, जिथे तो हाताने हलण्याजोगा असतो तिथे. अडकत असेल तर उच्च तापमानाचं ग्रीस, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या महामार्गावर फेरी. टर्बो बदलायला सांगितलं तर आधी हा दांडा दाखवायला सांगा.

कूलंट कमी होतंय

बाटलीवर सकाळी थंड इंजिनावर मार्करने रेघ मारा. महिन्यात बोटभर उतरली तरी गळती आहे, कारण बंद यंत्रणेत कूलंट आटत नाही. टीएसआयमध्ये पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर ही नेहमीची जागा. थेंब जमिनीवर पडत नाही, गरम धातूवरच वाळतो आणि गुलाबी-पांढरी खपली राहते. टॉर्च आणि छोटा आरसा लागतो. सापडलं नाही तर थंड इंजिनावर प्रेशर टेस्टर लावून १ बारपर्यंत दाब द्या आणि वीस मिनिटं ठेवा. काटा उतरला तर गळती आहेच. पायाशी गालिचा ओला आणि गोडसर वास असेल तर आतला हीटर कोअर.

भर घालायची ती त्याच प्रकारच्या कूलंटची (टीएसआयमध्ये गुलाबी-जांभळं), डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. बावीचं पाणी घालू नका. किनाऱ्याजवळच्या बावीत क्षार असतात आणि अॅल्युमिनियमचं हेड ते खातात. हिरवं आणि गुलाबी मिसळलं तर बाटलीत गाळ धरतो. गरम असताना झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

घाटात ऑटोमॅटिक

जुन्या जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा आहे. कोरडा म्हणजे त्याला थंड करायला तेल नाही. गणपतीच्या आधी महामार्गावर परशुराम घाटात रांग लागली की ब्रेक अर्धा सोडून गाडीला इंच-इंच रांगू देणं हीच त्याची सगळ्यात मोठी शिक्षा. पुढची गाडी दोन लांबी सरकू द्या, मग पूर्ण ब्रेक सोडून एकदम जा आणि परत पूर्ण थांबा. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर रोखून धरू नका, हँडब्रेक लावा. कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा गिअर स्वतः धरा; उतरताना तर धराच, म्हणजे ब्रेकही वाचतात.

पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर असेल तर क्लच लगेच बदलू नका. आधी कंपनीच्या स्कॅनरने बेसिक सेटिंग करून घ्या. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. मात्र पी१७बीएफ किंवा पी१८९सी असा कोड येऊन गिअरच जात नसतील तर ते मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे गिअर आणि क्लच चालवणाऱ्या युनिटचं, काम आहे, आणि ते बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं. ड्युअल क्लच नीट समजणारा माणूस गाठायला कोल्हापूर किंवा गोवा करावं लागतं, तेव्हा चेसिस नंबर देऊन पार्ट आधी मागवून मगच निघा. १.० टीएसआयची सहा गिअरची ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरची आहे, तिला हा घोर नाही.

खटखट, गंज, पाणी

बारीक खड्ड्यांवर हलकी खटखट म्हणजे सस्पेन्शनचा लिंक रॉड. तो सोडून शंभर मीटर सावकाश चालवा. आवाज गेला तर तोच. ब्रेक मारताच एकदा धप्प वाजत असेल तर लोअर आर्मचं मागचं बुश. जागेवर स्टिअरिंग फिरवताना करकर असेल तर स्ट्रटचं बेअरिंग. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या गाडीत हे तिन्ही लवकर जातात. जोडीनेच बदला आणि नंतर व्हील अलाइनमेंट करा. पोलोला चाकाला नट नसून बोल्ट आहेत, १२० न्यूटन मीटरवर आवळायचे. एअर गनने कचकचून आवळलेला बोल्ट गावच्या रस्त्यावर पंक्चर झाल्यावर सुटत नाही.

पावसात चार दिवस उभी राहिलेली गाडी हलवताना मागून टक्क आवाज आला तर हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे ब्रेक लायनर ड्रमला चिकटलेत. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा, हँडब्रेक नको. ब्रेक ऑइल दमट हवा पितं, म्हणून डॉट ४ दर दोन वर्षांनी बदला. घाट उतरताना पेडल मऊ लागू लागलं तर वाट बघू नका.

पायाशी पाणी साचत असेल तर पुढच्या काचेखालची जाळी काढा. आंब्या-फणसाखाली उभ्या गाडीत तिथे पानांचा लगदा झालेला असतो. तो उपसून दोन तांबे पाणी ओता आणि ते चाकाजवळून खाली पडतंय का बघा. बाजूला भाताची उडवी किंवा पेंढा असेल तर उंदीर बोनेटमध्ये येणारच. गाडी तिथून हलवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

अँटिरस्ट कोटिंग एप्रिलमध्ये, गाडीची खालची बाजू पूर्ण कोरडी असताना. ओल्या गंजावर मारलेला डांबरी थर ओल आत कोंडून ठेवतो. दारांच्या आणि सिलच्या खालची पाणी जायची भोकं त्याने बुजत नाहीत ना, हे स्वतः बघा. जॅक लावायच्या कडेत वाळू सापडली तर गाडी पुळणीवर फिरलेली आहे. गोड्या पाण्याने खालून दोन-तीनदा धुवा आणि ब्रेक पाइप तपासा.

खर्च किती धरायचा

वर्षाला १२,००० किलोमीटर, लिटरला १३ चा सरासरी आणि पेट्रोल ₹१०५ धरलं तर नुसत्या पेट्रोलचे सुमारे ₹९७,००० होतात. हप्त्याच्या आधी हा आकडा मांडा. उजवा पाय जड असेल तर सरासरी दहावर येते, आणि खर्च सव्वा लाखाच्या पुढे जातो.

तेल बदलायला पोलोचा कंपनीचा हिशोब १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. दमट हवा आणि छोट्या फेऱ्या असतील तर ८,००० ते १०,००० वर बदलावं. टर्बोच्या आयुष्याशी तुलना केली तर हे सगळ्यात स्वस्त काम आहे. टीएसआयसाठी फोक्सवॅगनची ५०२ ०० मान्यता छापलेलं तेल बघा, डब्यावर नुसतं 'टर्बोसाठी' लिहिलेलं नको. डिपस्टिक दर हजार किलोमीटरला. १,००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत तेल जाणं कंपनी चालवून घेते, म्हणजे दोन सर्व्हिसच्या मध्ये डिपस्टिक न बघणारा तेल संपल्यावरच जागा होतो.

टायरचा १९५/५५ आर१६ हा माप २०१७ नंतरची जीटी, अबार्थ, बलेनो आरएस आणि एन लाइन या सगळ्यांना चालतो, म्हणून तो रत्नागिरी-कुडाळला मागवता येतो. पातळ भिंतीचा टायर खड्ड्यात फुगा धरतो, तेव्हा चारपैकी एक दर वर्षी जाईल असं धरून चाला. पहिल्या वर्षी पेट्रोल आणि विम्याखेरीज ₹४०,००० ते ₹५०,००० वेगळे ठेवा: तेल, प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी, लिंक रॉड, एक टायर. डीएसजी असेल तर त्याच्यासाठी आणखी एक रक्कम, आणि तिला हात लावू नका. अबार्थवाल्यांनी पार्ट मोडण्याआधीच मिळतील तसे घेऊन ठेवावेत. पुंटोचं उत्पादन इथे बंद होऊन काही वर्षं झाली. पोलोचं २०२२ मध्ये थांबलं, पण तिचे पार्ट अजून मिळतात.

गाडी महिनाभर गावी ठेवून जायचं असेल तर टाकी काठोकाठ भरा, टायरमध्ये ३-४ पीएसआय हवा जास्त ठेवा, बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, आणि वरून प्लास्टिकचं कव्हर घालू नका. त्याखाली ओल धरते. पडवीत उभी असेल तर नुसती सुती चादर पुरे. परत आल्यावर आधी बोनेट उघडून उंदराच्या खुणा बघा, मग बॅटरी मोजा. १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करूनच स्टार्टर मारा, नाहीतर कमी व्होल्टेजमुळे चुकीचे कोड उमटतात आणि नसलेला बिघाड शोधत बसावं लागतं.